जीपचं नाक मागं होतं

ती जीप जळाली ती रेडिएटर मागं बसवला होता म्हणून नव्हे.

हे एक वाक्य मला दूध संस्थेच्या पटांगणात, लोकांसमोर उभं राहून बोलायचं होतं. मी त्याच्या उलट बोललो. आता चेअरमन गेले, संस्था बुडाली, तिच्या खोलीत कुणीतरी सोयाबीनची पोती ठेवतं. पण दिंद्रुडच्या आसपास ती गोष्ट अजून मी सांगितली तशीच चालते. कुणाचं काम फसलं की चहाच्या टपरीवर हमखास कुणीतरी म्हणतं, "जीपवानी केलंस की बे, पुढचं मागं लावलंस." ज्यांनी ती जीप पाहिलीसुद्धा नाही, ती पोरंही हसतात. त्या हसण्यात माझ्या साडूचं अख्खं आयुष्य गेलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझं दिंद्रुडच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. त्याला दुकान नव्हतं, हात होता. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे कोयता म्हणजे एकटा माणूस नव्हे, जोडी. एका हंगामात कारखान्याच्या गाडीतळावर मिस्त्रीच्या हाताखाली माणूस कमी पडला, तिथं हा उभा राहिला आणि इंजिन शिकला. पुढच्या वर्षी मुकादमानं पुन्हा त्याला उसाच्या फडातच घातलं. शिकलेलं सगळं मोळ्या बांधण्यात गेलं. तो म्हणायचा, "साडू, मला इंजनाचा आवाज झोपंत बी कळतो, आन मी उसाचं वाढं बांधतोय."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शेतात काही नव्हतं, घरोघर एखादी म्हैस कशीबशी जगवलेली, आणि तिच्या दुधावर चूल. दूध गोळा करून तालुक्याच्या शीतकेंद्रावर पोचवायला संस्थेनं लिलावातली एक पेट्रोलची जीप घेतली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचं इंजिन संपलं. बैलगाडीनं दूध न्यावं तर वाटेत नासायचं.

चेअरमननी लिंबाखाली माणसं जमवली. त्यांचा रुबाब मोठा होता, पण बोलणं घरातल्यासारखं. मला ते "माझा माणूस" म्हणायचे. ते शब्द ऐकले की माझी छाती फुगायची, हे आता लिहितानाही कबूल करायला अवघड जातं. साडू पुढं झाला आणि म्हणाला, "मी चालू करून देतो. डिझेलचं इंजन बसवतो."

चेअरमन हसले. "आन न्हाई चालली तर?"

"न्हाई चालली तर जातो की कोयत्याला. नवं काय त्याच्यात?"

सगळे हसले. मग चेअरमन सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाऊस पडेस्तोवर जीप चालली, तर तू संस्थेचा कायमचा ड्रायव्हर. कोयता माळ्यावर फेकून दे."

साडूनं घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिचे दिवस भरत आले होते. तिनं कोयता माळ्यावर फेकला नाही, गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवला. "पावसाचंच खरं न्हाई, चेरमनचं काय?" असं म्हणाली. आम्ही तिला हसलो.

धर्मापुरीच्या अलीकडे एक टेम्पो उलटला होता, त्याचं इंजिन साडूनं मिळवलं. दुकानामागच्या चिंचेच्या फांदीला साखळी बांधून आम्ही ते जीपमध्ये उतरवलं, आणि उतरवताना अडचण दिसली. इंजिन लांब होतं. ते थेट पुढच्या जाळीला टेकलं. रेडिएटरला जागाच उरली नाही, पंखा तर सोडाच.

मी म्हणालो, "पुढचा पत्रा कापू. रेडिएटर चोचीवानी बाहेर काढू."

"आन पयल्याच बैलगाडीच्या साट्याला ठोकला म्हंजे?"

तो टायरवर बसला. तंबाखू मळली, थुंकली, परत मळली. दुपार कलली. मग म्हणाला, "साडू, पाणी इंजनाजवळच गार झालं पायजे आसं कुठं हाय? हिरीचं पाणी आपुन पाइपानं शेताच्या दुसऱ्या टोकाला नेतो का न्हाई?"

"मग?"

"मग रेडिएटर मागं."

मला ते पटलं नाही, आणि "रेडिएटर पुढंच पायजे," असं मी बोललोही. तोंडातलं तेच वाक्य पुढं माझ्या कामाला आलं, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

पण काम मी मनापासून केलं. चेसीच्या आतून दोन लोखंडी पाइप नेले, एक तापलेलं पाणी मागं नेणारा, एक निवलेलं पाणी पुढं आणणारा. ट्रॅक्टरचा जुना रेडिएटर मागच्या फळीच्या जागी उभा केला. मोटारीच्या भंगारातले बॅटरीवर चालणारे दोन पंखे त्याला लावले. ते हवा बाहेर फेकायचे, म्हणजे ऊन वाफ मधल्या दुधाच्या कॅनवर येत नसे. हवा आत यायला मी जीपच्या दोन्ही अंगांना पत्र्याची दोन सुपं बसवली. जीप पळाली की सुपांत वारा भरायचा, रेडिएटरमधून जायचा आणि मागून निघायचा.

पहिल्या फेरीला जीप पाझर तलावापर्यंतही गेली नाही, पुढून वाफ निघाली. मला आतून बरं वाटलं. साडूनं मात्र खाली वाकून पाइपांना हात लावला. पुढं चटका बसत होता आणि मागचा रेडिएटर गारच होता. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. इंजिनाच्या डोक्यात हवा अडकली होती आणि ती पाण्याला वाट देत नव्हती. त्यानं माझ्याकडून इंजिनाच्या डोक्यावर एक बारका नळ बसवून घेतला. पाणी ओतायची टाकी मागं, सगळ्यांत उंच जागी लावली. मग पाझर तलावाच्या बांधावर जीप उलटी चढवली, तोंड खाली आणि शेपूट वर. मागून पाणी ओतायचं, पुढचा नळ उघडा ठेवायचा. आधी नळातून नुसता फुसफुस आवाज यायचा, मग तुटकं पाणी, मग धार. धार न तुटता वाहू लागली की नळ बंद.

ही कसरत बघायला माणसं जमायची. तलावात पाण्याचा थेंब नव्हता, तेवढीच करमणूक.

"काय बे, म्हशीची शेपूट धुतोस का?"

"शेपूट न्हाई, नाक धुतोय," साडू म्हणायचा. "हिचं नाक मागं हाय. ध्यानात ठेवा, मागं कुनी काय लटकावू नगा. नाक दाबलं की मरंल ती."

गावाच्या हंड्यांतलं पाणी त्यानं कधी जीपला घातलं नाही. शीतकेंद्रावर बर्फाच्या लाद्यांखाली साचलेलं पाणी तो डब्यात भरून आणायचा. ते पाणी रेडिएटरला चांगलं, क्षार धरत नाही, आणि लोकांच्या नजरेतही येत नाही.

जीप चालली. चैत्र गेला, वैशाख तापला, तरी चालली. साडू आता सदरा इस्त्री करून घालू लागला होता. माझी बायको म्हणायची, "माझ्या बहिणीचा संसार मार्गी लागला बघा."

मग ऊन इतकं वाढलं की कॅन पोचेपर्यंत दूध नासायचं आणि काही दिवस शीतकेंद्रावरून परत येऊ लागलं. त्यात दोष जीपचा नव्हता, उन्हाचा होता. बायका संस्थेच्या दारात येऊन चेअरमनना सुनावू लागल्या. चेअरमनना आयुष्यात पहिल्यांदा बायकांनी सुनावलं असावं.

त्याच दिवसांत एका सकाळी साडूच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तो तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला. जीप चालवायला चेअरमननी आपल्या पुतण्याला बोलावलं. मी तिथं उभा होतो, कॅनचं एक झाकण नीट करायला गेलो होतो.

चेअरमन म्हणाले, "गोणपाटं भिजवा. कॅनवर टाका, आन एक मागं पडद्यावानी सोडा. मागून लई झळ येती."

पुतण्या म्हणाला, "मागं काय बांधू नगा म्हणतो की तो."

चेअरमन माझ्याकडे वळले. "तूच पाइप जोडलेत ना? चालंल का?"

आमच्या घरांत ओलं गोणपाट म्हणजे गारवा. माठाला गुंडाळायचं, आजाऱ्याच्या खिडकीला लावायचं, टरबुजांवर टाकायचं. हे हाडांत इतकं मुरलेलं असतं की मागं ओलं गोणपाट बांधलं तर रेडिएटरसुद्धा गारच राहील, असं कुणालाही वाटावं. पुतण्याला तसं वाटलं. चेअरमननाही वाटलं असेल. मला वाटलं नाही. मला माहीत होतं की तिथून हवा बाहेर पडली नाही तर दोन्ही सुपांचा काही उपयोग नाही, आणि एवढ्याशा पाण्यात बुडवलेलं गोणपाट गाव ओलांडेपर्यंत वाळून खडखडीत होईल.

पण चेअरमनचा हात माझ्या खांद्यावर होता. संस्थेची नवी शेड व्हायची होती आणि तिचं सगळं लोखंडी काम मला देऊ, असं ते चार लोकांत बोलले होते. मी म्हणालो, "चालंल."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. गोणपाट फडफडतंय म्हणून मी खिशातली बांधायची तार काढली आणि चारी कोपरे स्वतः ताणून बांधले.

जीप तालुक्याच्या अलीकडे बंद पडली. पुतण्यानं इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलंच नाही. पिस्टन जाम झाले, इंजिन धरलं. बातमी आली तसा मी एका ट्रॅक्टरवर बसून तिथं पोचलो. रस्त्यावर दूध ओतलेलं होतं, त्यावर माशा आणि कुत्री. पुतण्या बाभळीखाली बसला होता. मी आधी पक्कड काढली आणि गोणपाटाच्या तारा तोडल्या. तारा रानात फेकल्या, गोणपाट गुंडाळून कॅनमध्ये कोंबलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालले.

दुसऱ्या दिवशी सभा ठरली. सकाळी चेअरमननी मला घरी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. मशीन हाय, बिघडली. तू गप ऱ्हा, मी सांभाळतो." मी ते खरं मानलं. घरी येताना मला वाटलं, चेअरमन सगळ्यांना झाकतायत, मोठ्या मनाचा माणूस.

पटांगणात बायकाही आल्या होत्या. ओरडाआरडा सुरू झाला. चेअरमन उठले, हात वर केला आणि म्हणाले, "मला का इचारता? ज्यानं पाइप जोडले तो हितंच बसलाय. त्यालाच इचारा. उठ रे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो. सकाळचा चहा अजून तोंडात होता.

साडू मागं, भिंतीला टेकून उभा होता. रात्रीच मुलगा झाला होता. हातात पेढ्यांचा पुडा तसाच, दोरा न सोडलेला. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं कुणी आपल्या माणसाकडे बघतं.

मी म्हणालो, "पाणी एवढं लांब न्यायला नगं व्हतं. मी आधीच म्हणलतो, रेडिएटर पुढंच पायजे."

ते खोटं नव्हतं. मी खरंच तसं म्हणालो होतो. म्हणूनच ते सगळ्यांना लगेच पटलं.

साडूनं भिंत सोडली. पुतण्याला विचारलं, "मागं काय बांधलं व्हतं का?"

पुतण्यानं चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. साडूही माझ्याकडेच बघत होता.

मी म्हणालो, "न्हाई."

मागून कुणीतरी बोललं, "पुढचं मागं लावल्यावर काय हुईल दुसरं?" आणि पटांगण हसलं. ते हसणं तिथं सुरू झालं.

संस्थेनं भाड्याचा टेम्पो लावला आणि पुतण्या कायमचा ड्रायव्हर झाला. शेडचं काम बीडच्या एका ठेकेदाराला गेलं. मी चेअरमनच्या दारात गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते, मला बसायला सांगितलं नाही.

"अवो, शब्द दिलता तुमी," मी म्हणालो.

"दिलता." त्यांनी झोपाळा थांबवला. "पण तू आपल्या सख्ख्या साडूचा न्हाई झालास. माझा काय होशील?"

फसवणूक काय असते ते मला तिथं उभ्यानं कळलं. ज्या माणसानं मला ते करायला लावलं, तोच मला त्यावरून जोखत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. त्यांच्या तेराव्याला मी जेवलो, पण ते वाक्य अजून घशाखाली उतरलेलं नाही.

दिवाळीनंतर साडूच्या बायकोनं गोठ्याच्या भिंतीतून कोयता काढला. माझ्या बायकोनं तान्ह्यासाठी शिवलेली गोधडी दिली. ट्रक निघाला तेव्हा ती रस्त्यावर उभी होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "खरंच वो, मागं बसवल्यामुळं जळालं का?"

"हो," मी म्हणालो.

तिनं परत कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी ती गेली, ते खोटं घेऊनच.

साडूनं आमच्याशी संबंध तोडला नाही. लग्नाकार्याला यायचा, पंगतीत माझ्या शेजारी बसायचा, "साडू, भाकर घ्या अजून," म्हणायचा. मला वाटायचं, याला काही कळलेलंच नाही. मी त्याच समजुतीवर जगलो.

आता तो पालीला मुलाकडे राहतो. मुलाचं रस्त्यालगत गॅरेज आहे. ऊसतोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलेलं पोर, कुणाकुणाच्या हाताखाली राबून शिकलं. बायकोचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी तिथं गेलो. साडू बाहेर टायरवर बसला होता. आत एका गाडीचं इंजिन बदलायचं चाललं होतं. त्यानं काहीतरी सांगायला मान आत घातली, तर मुलगा गाडीखालून म्हणाला, "बाबा, तुमी लांब ऱ्हावा. तुमचं ते पुढचं मागं व्हायचं."

साडू परत येऊन टायरवर बसला. मला म्हणाला, "काम चांगलं करतंय पोरगं."

मी तिथंच सगळं सांगितलं. गोणपाट, तार, पक्कड. सांगताना मला वाटत होतं तो उठून जाईल, शिवी देईल. तो म्हणाला, "म्हाईत हाय."

"कसं?"

"दवाखान्यातून आदी जीपकडंच गेलतो. रेडिएटरच्या जाळीत सुतळीचे धागे हुते, करपलेले. आन तुझी तार. एक कोपरा तोडायचा राहिलता तुझा."

"म्हणजे सभेच्या आधी?"

"इचारलं न्हाई का मी सभेत? तुझ्याकडंच बघून इचारलं."

मला राग आला. खरं सांगतो, मी गुन्हेगार आणि राग मलाच आला. एवढी वर्षं हा माझ्या ताटाशेजारी जेवला, माझी नजर चुकवणं रोज बघत राहिला आणि बोलला नाही. "कावून बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर दोघी भनींचं काय झालं असतं? त्यांना आई न्हाई, बाप न्हाई. एकमेकीचंच माहेर व्हतं त्यांना. एका जीपपायी मोडायचं का ते?" त्यानं तंबाखू मळायला घेतली. "आता तुझी बी गेली, माझी बी गेली. मला सांगून काय उपेग? त्याला सांग." त्यानं हनुवटीनं गाडीकडं दाखवलं. गाडीखालून मुलाचे फक्त पाय दिसत होते.

मी आत गेलो आणि त्या पायांना सांगितलं. पाना फिरायचा थांबला. मग तो बाहेर आला, हात पुसले. माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर जाऊन बापासमोर उकिडवा बसला.

"बाबा, हवा कुठून घेतलती?"

"दोन्ही अंगानं. पत्र्याची सुपं व्हती."

"आन डोक्यातली हवा कशी काढायचा?"

"बांधावर उलटी चढवायचो."

"शेपूट वर?"

"शेपूट वर."

मुलगा एकदम हसला. टपरीवर हसतात तसं नाही. मग त्यानं बापाला हात दिला, आत नेलं आणि उघड्या इंजिनाजवळ उभं केलं. दोघं वाकून काय बघत होते ते मला दिसलं नाही. मी टायरवर बसून राहिलो.

निघताना मुलगा रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "काका, हे तुमी दिंद्रुडात सांगितलं का?"

"न्हाई."

"हसत्यात तर तिकडं. मग हितं कावून सांगता?"

त्याचं उत्तर एसटीत बसल्यावर सापडलं, ते इथं लिहिलं आहे. दिंद्रुडच्या टपरीवर ज्यांना वाचता येतं त्यांनी हे मोठ्यानं वाचावं. रेडिएटर मागं बसवण्यात काही चूक नव्हती. जीप उन्हाळाभर चालली आणि पावसापर्यंत चालली असती. गोणपाट मी बांधलं. तार माझी होती.